न विचारता केलेले हित

एखाद्याचे हित त्यास न विचारता व न सांगता करावे काय, हा प्रश्न जुनाच आहे. मुलास कडू औषध गुळात दडवून देणारी आई, अथवा धाकट्या भावाचे देणे गुपचूप फेडून टाकणारा थोरला भाऊ, यांस आपण दोष देत नाही. उलट त्यांचे कौतुकच करतो. परंतु हाच व्यवहार जिव्हाळ्याच्या माणसाकडून न होता वस्तू विकणाऱ्या कारखानदाराकडून होऊ लागला, तर त्यास काय म्हणावे? मोबाइलने हा प्रश्न घरोघरी आणून सोडला आहे.

भिंतीवरचे लंबकाचे घड्याळ एकदा विकत घेतले की कारखानदाराचा व त्याचा संबंध संपला. ते पुढे चालो, मागे पडो. किल्ली आपल्या हाती असते. मोबाइलचे तसे नाही. विक्रीनंतरही त्याचे सॉफ्टवेअर कारखानदार दुरून बदलीत असतो. यासच आपण अपडेट म्हणतो. आम्हांस नव्या यंत्रांची मनापासून आवड आहे, आणि अपडेट म्हणजे निव्वळ उपद्रव असे मानणाऱ्यांत आम्ही नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नामक घातक प्रोग्रॅमने जगभरच्या संगणकांतील कागदपत्रे कुलूपबंद करून खंडणी मागितली, आणि इंग्लंडमधील अनेक रुग्णालयांची कामे खोळंबली. ज्या छिद्रातून तो शिरला, ते बुजविणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिले होते. ज्यांनी ते घेतले नव्हते, तेच मुख्यतः सापडले. तेव्हा कारखानदाराने विक्रीनंतर हात काढून घ्यावा, असे म्हणण्याची आज सोय उरलेली नाही. त्याचा हात आपल्या वस्तूवर असणारच. तो कसा असावा, एवढेच ठरवावयाचे आहे.

या संबंधात दोन प्रकरणे शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत.

सॅमसंगचा गॅलक्सी नोट ७ हा फोन ऑगस्ट २०१६ मध्ये बाजारात आला, आणि थोड्याच दिवसांत त्याच्या बॅटऱ्या पेट घेऊ लागल्या. बदलून दिलेले फोनही पेटू लागले, तेव्हा ऑक्टोबरात उत्पादनच बंद करण्यात आले. बहुतेकांनी फोन परत केले. पण काही जण तो सोडावयास तयार होईनात. अखेर डिसेंबरात कंपनीने जाहीर केले की, अमेरिकेत एक अपडेट पाठविण्यात येईल व त्यानंतर हा फोन चार्जच होणार नाही. यावर व्हेरायझन या दूरध्वनी कंपनीने हरकत घेतली. नाताळच्या प्रवासात एखाद्याजवळ दुसरा फोन नसेल, त्यावर संकट आले तर त्याने कोणास हाक मारावी, असा तिचा मुद्दा होता, आणि तो आम्हांस वजनदार वाटतो. पुढे जानेवारीत तिनेही ते अपडेट पाठविले. दुसऱ्याच्या मालकीची वस्तू दुरून निकामी करणे, याहून कठोर कृत्य कोणते?

दुसरे प्रकरण ॲपलचे. लिथियमची बॅटरी जुनी झाली की तिचा अंतर्गत विरोध वाढतो. प्रोसेसरने एकाएकी जास्त वीज मागितली की तिचा दाब खाली येतो आणि फोन मध्येच बंद पडतो. थंडीत हे विशेष घडते. यावर उपाय म्हणून २०१७ च्या आरंभी कंपनीने अपडेटद्वारे अशी योजना केली की, बॅटरी थकलेली असल्यास फोनने आपला वेग उतरवावा. उपाय शास्त्रशुद्ध होता. बंद पडणाऱ्या फोनापेक्षा संथ फोन बरा, हे कोणीही मान्य करील. परंतु वेग उतरविला जात आहे, ही गोष्ट मालकास स्पष्टपणे सांगण्यात आली नाही. डिसेंबरात काही चिकित्सक लोकांनी मोजमापे घेऊन ती उघडकीस आणली, तेव्हा कंपनीने ती कबूल केली, क्षमा मागितली, आणि बॅटरी बदलण्याचा आकार ७९ डॉलरांवरून २९ डॉलरांवर आणला. फ्रान्समध्ये २०२० साली तिला अडीच कोटी युरोंचा दंड झाला, तोही ग्राहकांस माहिती न दिल्याबद्दल.

सॅमसंगने फोन मारला, ॲपलने तो जगविला. तरीही अधिक सदोष वर्तन आम्हांस दुसऱ्याचे वाटते. नोट ७ च्या मालकास आपल्या फोनाचे काय होणार, कोण करणार व का करणार, हे ठाऊक होते. तो रागावू शकत होता, भांडू शकत होता. आयफोनच्या मालकास मात्र एवढेच दिसत होते की, फोन संथ झाला. त्याने स्वतःशी काय अनुमान काढले असेल? फोन म्हातारा झाला. आता नवा घ्यावा. थोड्या पैशांत बॅटरी बदलून जे काम भागले असते, त्यासाठी कित्येकांनी नव्या फोनाची किंमत मोजली असणार, आणि ती किंमत गेली त्याच कारखानदाराकडे. नव्या फोनांचा खप वाढावा हा आपला हेतू कधीच नव्हता, असे कंपनी म्हणते. तिचे म्हणणे खरे धरले तरी मौनाचे फळ तिच्या पदरात पडले, हे नाकारता येत नाही. गुळात औषध देणाऱ्या आईस त्या औषधातून काही मिळकत नसते.

युरोपीय संघाने २०१९ साली दूरचित्रवाणी संच व तत्सम पडद्यांसंबंधी केलेल्या नियमांत या बाबीचा विचार झालेला दिसतो. अपडेटमुळे संचाचा विजेचा खर्च वाढणार असेल, तर मालकाची स्पष्ट संमती आधी घेतली पाहिजे. आणि अपडेट नाकारले म्हणून संचाच्या कामात फरक पडता कामा नये, असे त्यात म्हटले आहे. नियम चांगला आहे. पण संमतीचे ते लांबलचक पान कोण वाचतो? ‘मान्य आहे’ वर बोट ठेवावयास सारेच शिकले आहेत.

आता हा दोष कारखानदाराच्या माथी मारून आपण मोकळे होऊ पाहू, तर तेही जमणारे नाही. घरातील वृद्धांचे मोबाइल बहुधा तरुणांच्या हाती असतात. फसवणुकीचे फोन येतात म्हणून मुलगा अनोळखी क्रमांकांची घंटा बंद करून टाकतो. पैसे पाठविण्याचे ॲप काढून टाकतो. हेतू निर्मळ असतो, आणि भीतीही खोटी नसते. समजा, वडिलांच्या जुन्या स्नेह्याने क्रमांक बदलला आणि नव्या क्रमांकावरून चार वेळा फोन केला. घंटा वाजली नाही. न घेतलेल्या फोनांची यादी पाहण्याची वडिलांस सवय नाही. त्यांनी काय समजावे? स्नेही आपणांस विसरला. सेटिंग कोणी बदलले असेल, हे त्यांच्या मनातही येणार नाही, जसे त्या आयफोनवाल्यांच्या मनात आले नव्हते.

‘त्यांस सांगून काय उपयोग, त्यांस कळत नाही’, असे यावर उत्तर मिळते. ज्यांची समज खरोखरच मावळली आहे, त्यांची गोष्ट निराळी. तेथे सारा भार घेणे प्राप्तच आहे. पण ज्या गृहस्थाने चाळीस वर्षे पेढीचा हिशेब चोख ठेवला, त्यास घंटा बंद केल्याचे कळणार नाही, हे आम्ही मानीत नाही. कळते, मात्र समजावून सांगण्यास अर्धा तास लागतो, आणि सेटिंग बदलण्यास अर्धे मिनिट पुरते.

सांगितल्यावर ते नकोही म्हणतील. ‘येऊ देत फोन, मी पाहून घेईन’, असे म्हणाले, तर घंटा पुन्हा सुरू करावी लागेल. आणि फोनवर आलेला ओटीपी कोणासही सांगावयाचा नाही, अटकेची धमकी देणाऱ्यास उत्तर न देता फोन ठेवावयाचा, हे शेजारी बसून एकदा नव्हे, दहादा सांगावे लागेल. इतके करूनही पैसे गेलेच, तर वेळ न दवडता १९३० या क्रमांकावर कळवावयाचे असते. तो क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून त्यांच्या चष्म्याच्या घरात ठेवता येईल.