गोत जवळचे, गोत दूरचे

१७६९ च्या उन्हाळ्यात शुक्राचे अधिक्रमण पाहण्यासाठी दोन जेझुइट पाद्री नॉर्वेच्या उत्तर टोकाशी असलेल्या वार्डो बेटावर मुक्कामाला होते. त्यांतले यानोश शायनोविच हंगेरियन. तिथल्या सामी लोकांची भाषा त्यांनी कान देऊन ऐकली आणि पुढच्याच वर्षी कोपनहेगनमध्ये लॅटिन ग्रंथ छापून सांगितले, की सामी आणि हंगेरियन या एकच भाषा आहेत. विधान जास्तीचे होते, पण दिशा खरी होती. हंगेरियनचे गोत भोवतालच्या जर्मन-स्लाव भाषांत नाही. ते फिनलंड, एस्टोनिया आणि उरल पर्वताच्या पलीकडे आहे. स्वतःला अटिलाच्या हूणांचे वारस मानणाऱ्या हंगेरियन सरदारांना हे सोसवले नाही. मासे मारून जगणारे भाऊबंद त्यांना नको होते. या नात्याला माशांच्या तेलाचा वास येतो, असे तेव्हा म्हटले गेले.

त्याच काळात स्पेनमध्ये मार्तीन सार्मिएन्तो हे बेनेडिक्टिन साधू गॅलिसियन शब्द जमवत होते. (हा गॅलिसिया स्पेनच्या वायव्य कोपऱ्यातला, पोलंड-युक्रेनकडचा त्याच नावाचा प्रदेश वेगळा.) मुलांना त्यांच्याच भाषेत शिकवा, असा त्यांचा आग्रह होता. गॅलिसियनचे गोत कुणी शोधायची गरज नव्हती. तेराव्या शतकात ती आणि पोर्तुगीज एकच होत्या, आणि खुद्द कॅस्टिलचा राजा दहावा अल्फोन्सो याने मेरीमातेची गीते त्या भाषेत रचून घेतली होती. पुढे दरबार, चर्च आणि कचेऱ्या कॅस्टिलियनकडे, म्हणजे आपण जिला स्पॅनिश म्हणतो तिच्याकडे गेल्या. सुमारे तीन शतके गॅलिसियन बोलली जात राहिली, लिहिली मात्र क्वचितच गेली.

एका भाषेला जवळपास नातलगच नाहीत, दुसरीला ते इतके जवळ की तिला वेगळी भाषा का म्हणावे, असा प्रश्न पडावा. भाषेचे स्वतंत्रपण कशावर ठरते, हा विचार युरोपात कसा बदलत गेला ते या दोन टोकांवरून स्पष्ट दिसते.

अठराव्या शतकाचे उत्तर वंशावळीचे होते: भाषा कुणाच्या पोटी जन्मली ते शोधा. पण वंशावळीने अभय मिळत नाही. १७९१ साली जर्मन विचारवंत हेर्डरने लिहिले, की स्लाव आणि जर्मन यांच्या मध्ये सापडलेल्या मूठभर हंगेरियनांची भाषा काही शतकांनी कदाचित शोधूनही सापडणार नाही. ही भीती पोकळ नव्हती. कायदे लॅटिनमध्ये होते आणि बुडा-पेश्तच्या रस्त्यांवर जर्मन चाले. शेजारच्या कोणत्याही भाषेशी साम्य नसणे हंगेरियनच्या उपयोगी पडत नव्हते. मग हंगेरियन लेखक फेरेन्त्स काझिन्त्सी आणि त्यांच्या सोबत्यांनी विज्ञान, कायदा, नाटक यांसाठी हजारो शब्द घडवले. जुन्या वळणाच्या लेखकांशी त्यांचे कडाक्याचे वाद झाले. १८२५ साली इश्तवान सेचेनी यांनी विद्वत्‌सभेसाठी आपले वर्षभराचे उत्पन्न देऊ केले. १८४४ साली हंगेरियन राजभाषा झाली. नात्यागोत्याच्या वादाचा याच्याशी संबंध नव्हता. तो तर १८७०-८० च्या दशकांतही, तुर्की गोत सांगणारे आर्मिन वाम्बेरी आणि फिनलंड-उरलकडचे, म्हणजे फिनो-उग्रिक गोत सांगणारे योझेफ बुदेन्झ यांच्यात, जोरात चालू होता.

गॅलिसियात रोसालिया दे कास्त्रो यांचा गॅलिसियन काव्यसंग्रह १८६३ साली आला, आणि शेतकऱ्याची म्हणून हिणवलेली भाषा पुन्हा छापील पानावर उभी राहिली. गॅलिसियन अकादमी १९०६ ची. तिला बळ दिले ते हवानात पोटापाण्यासाठी गेलेल्या गॅलिसियनांनी.

१९५२ साली जर्मन भाषाशास्त्रज्ञ हाइन्झ क्लोस यांनी या विचाराला नेमकी मांडणी दिली. काही भाषा अंतरामुळे स्वतंत्र ठरतात, काही जाणीवपूर्वक घडवल्यामुळे. पहिल्या प्रकाराचे उदाहरण हंगेरियनहून चांगले मिळणार नाही, आणि दुसऱ्याचे गॅलिसियनहून. मला ही मांडणी मोलाची वाटते, पण अपुरीही. हंगेरियनलाही घडवावेच लागले, हे तिच्यात झाकले जाते. शिवाय अंतर मोजायचे तरी कसे? हंगेरियनमध्ये लिंगभेद नाही, आणि प्रत्यय मराठीसारखे नामामागे लागतात: हाझ म्हणजे घर, हाझबॉन म्हणजे घरात. गॅलिसियनमध्ये लिंग आहे, आणि शब्दयोगी अव्यय नामाच्या आधी येते. तरीही एक दुर्मीळ लकब दोघींत सापडते. ‘जाणे’, ‘बोलणे’ अशा क्रियावाचक रूपाला कर्त्यानुसार प्रत्यय लागतो. हंगेरियनमध्ये मेन्नेम म्हणजे ‘मी जाणे’, मेन्नेद म्हणजे ‘तू जाणे’. गॅलिसियनमध्ये फालार म्हणजे बोलणे आणि फालार्मोस म्हणजे ‘आपण बोलणे’. गॅलिसियनला अगदी जवळच्या कॅस्टिलियनमध्ये ही सोय नाही.

गोव्यातल्या वाचकाला हा वाद परका वाटणार नाही. कोकणी मराठीची बोली की भाषा, यावर आपण दशकानुदशके अंतरच मोजत राहिलो. सुमित्र मंगेश कत्रे यांनी १९४२ साली कोकणीच्या जडणघडणीवर ग्रंथ लिहिला, तरी वाद शमला नाही. साहित्य अकादमीची मान्यता १९७५ साली आली, राजभाषा कायदा १९८७ साली. माझ्या मते या प्रश्नाचे उत्तर कोकणीत लिहिणाऱ्यांच्या हाती होते. मराठीशी तिचे किती प्रत्यय जुळतात, हे मोजणाऱ्यांच्या हाती ते कधीच नव्हते.

गॅलिसियातही हीच ओढाताण झाली. १९८२ च्या लेखननियमांनी स्पेनमध्ये परिचित असलेले वळण घेतले. रिकार्दो कार्वाल्यो कालेरो यांच्यासारखे अभ्यासक मात्र पोर्तुगीज वळणाकडे जाऊ पाहत होते, म्हणजे त्यातून ब्राझीलपर्यंतचे जग खुले होईल. २०१४ साली गॅलिसियाच्या संसदेने शाळांत पोर्तुगीज शिकवण्यास उत्तेजन देणारा कायदा एकमताने केला. जवळच्या नात्याची भीती गेली, त्याचा उपयोग दिसू लागला. हा बदल मला फार मोठा वाटतो.

पण खरी चिंता वेगळीच आहे. २०१० च्या सरकारी हुकमाने प्राथमिक शाळेतले गणित, आणि पुढच्या वर्गांत भौतिक-रसायन व तंत्रज्ञानही, कॅस्टिलियनमधून शिकवायचे ठरवले. भूगोल-इतिहास गॅलिसियनमध्ये राहिला. शहरांतली मुले आधीच कॅस्टिलियन अधिक बोलतात. काझिन्त्सींच्या पिढीने विज्ञान आणि कायदा यांची भाषा घडवण्यावर आयुष्य खर्च केले होते. गॅलिसियन मुलाच्या दप्तरात मात्र नेमकी गणित आणि भौतिक-रसायनाची पुस्तके दुसऱ्या भाषेतली आहेत.