लंगडत चालणारा याकोब

माझ्या प्रिय बंधुभगिनींनो,

यंदा प्रजासत्ताक दिनी 'विवाहित विरुद्ध अविवाहित' फुटबॉल सामन्यात तुमचे फादर मैदानात आडवे झाले, हे तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलेच आहे. नियमाप्रमाणे मी अविवाहितांच्या संघात! विशीतल्या पोरांबरोबर धावण्याची हौस चव्वेचाळिसाव्या वर्षी महागात पडली. मागून कुणीतरी जोरात लाथ मारली असे वाटले. वळून पाहिले, तर मागे कोणीच नव्हते.

डॉक्टरांनी मला पालथे झोपवून दोन्ही पोटऱ्या दाबून पाहिल्या. उजवी दाबली की पाऊल हलायचे. डावी दाबली तर पाऊल जागचे हलेना. अकिलिस टेंडन, म्हणजे पोटरीला टाचेशी जोडणारी कंडरा, पूर्ण तुटली होती. शरीरातली ही सर्वांत जाड आणि मजबूत कंडरा. आठवडाभर खुर्चीत बसून सुट्टीच्या दिवशी एकदम मैदानात उतरणाऱ्या तिशी-चाळिशीतल्या पुरुषांना ही इजा बरेचदा होते. पुरुषमंडळींनी याची नोंद घ्यावी! अंग गरम केल्याशिवाय धावू नका. आणि असे काही झालेच तर तेल चोळत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

ऑपरेशन झाले, प्लास्टर झाले, मग गुडघ्यापर्यंतचा बूट आणि कुबड्या. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना झेनो या ग्रीक विचारवंताचे एक कोडे आम्हाला होते: वेगवान अकिलिस पुढे असलेल्या कासवाला कधीच गाठू शकत नाही. तेव्हा मी अकिलिसच्या बाजूने वाद घातला होता. आता कासवाची बाजू कळली. खोलीपासून जेवणघरापर्यंत जायला मला दहा मिनिटे लागत.

फिजिओथेरपीच्या ताईंनी एक गोष्ट समजावून सांगितली. "फादर, तुटलेल्या जागी नवे धागे येतात ते आधी आडवेतिडवे, कसेही येतात. त्यांवर थोडाथोडा ताण दिला की ते एका दिशेने लागतात. ताण दिलाच नाही तर कच्चे राहतात. घाई केली तर पुन्हा तुटायची भीती." मी मान डोलावली आणि झावळ्यांच्या रविवारी बूट काढून मिरवणुकीत चाललो. लोकांना आपले फादर पुढे चालताना दिसावेत, एवढेच मनात होते. दुसऱ्या दिवशी घोटा भोपळ्यासारखा सुजला. पवित्र गुरुवारी पाय धुण्याचा विधी सहायक फादरांनी केला आणि मी खुर्चीतून पाहत राहिलो. माझ्यावाचून काही अडले नाही. खरे सांगतो, तेच मला जास्त लागले.

त्या दिवसांत मी उत्पत्तीच्या पुस्तकातील याकोबाची कथा पुन्हा वाचली. याकोब जन्मला तोच भावाची टाच धरून. पुढे त्याने त्याच भावाचा आशीर्वाद कपटाने लाटला आणि पळ काढला. नंतर सासऱ्याच्या घरूनही तो गुपचूप निघाला. आयुष्यभर पळत राहिलेला हा माणूस! यब्बोक नदीकाठी रात्रभर त्याची देवाशी झुंज झाली. पहाटे त्याला आशीर्वाद मिळाला, पण मांडीचा सांधा निखळला. त्या घटनेची आठवण म्हणून इस्राएल लोक जनावराच्या मांडीच्या सांध्यावरचा स्नायू खात नाहीत, असे तिथे लिहिले आहे (उत्पत्ती ३२). सूर्य उगवला तेव्हा याकोब लंगडत चालला होता.

त्याच लंगड्या पायाने तो सर्वांच्या पुढे होऊन एसावाला सामोरा गेला. भाऊ चारशे माणसे घेऊन येत होता आणि याकोबाला आता पळणे शक्य नव्हते. मग एसावच धावत आला, त्याने याकोबाला मिठी मारली आणि दोघे रडले (उत्पत्ती ३३). पाय शाबूत असता तर कदाचित याकोब याही वेळी निसटला असता आणि भावाला अंतरला असता.

माझे पळणे कसले, ते मला उशिरा कळले. आपल्या गावात अंथरुणाला खिळलेल्या एक आजी आहेत. दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी मी त्यांना ख्रिस्तप्रसाद द्यायला जातो. एका सकाळी अकरा घरे. प्रार्थना, ख्रिस्तप्रसाद, आशीर्वाद आणि "आजी, धीर धरा" म्हणून स्कूटर चालू. मी स्वतः खाटेवर पडलो तेव्हा दुपारी चारला बाहेर गाडीचा आवाज झाला की मी कान टवकारायचो. कुणीतरी आत येईल, थोडा वेळ बसेल. कित्येक गाड्या पुढे निघून जात.

जून महिन्यात मी काठी टेकत त्या आजींकडे गेलो. उभे राहवेना, म्हणून खाटेशेजारच्या स्टुलावर बसलो. ख्रिस्तप्रसाद झाल्यावर आजींनी माझ्या पायाकडे पाहिले, मग माझ्याकडे. म्हणाल्या, "फादर, सहा वर्षं येता तुम्ही. आज पहिल्यांदा बसलात."

त्या वाक्याने माझी जी कानउघाडणी झाली, ती कुठल्याही तपसाधनेत झाली नव्हती. त्या दिवशी मी चारच घरी गेलो. उरलेल्या सात घरी दुसऱ्या आठवड्यात गेलो.

प्रिय बंधुभगिनींनो, प्रत्येक दुखणे देवानेच धाडले, असे मी म्हणणार नाही. माझे दुखणे माझ्याच हौसेने आले. पण आलेल्या दुखण्यातही देव आपल्याला गाठतो. जे आजारी आहेत त्यांना माझी विनंती: मदत घ्यायला लाजू नका. पेत्रानेही आधी प्रभूला पाय धुऊ दिले नव्हते. आणि जे धडधाकट आहेत त्यांना: या आठवड्यात आपल्या वाडीतल्या एका आजारी माणसाकडे जा. फळे नेली नाहीत तरी चालेल, पण बसा.

आजही सकाळी उठलो की पहिली काही पावले मी लंगडत टाकतो. त्या पावलांना मी प्रार्थना करतो: प्रभो, माझा पाय बरा कर, पण मला पुन्हा पळायला लावू नकोस.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वादित करो.

आपला,
प्रमुख धर्मगुरू