न दिसणारे पाणी आणि अनुमानाचा अधिकार

हॉटेलच्या भिंतीवर उमटलेला ओलीचा डाग दिसतो. ज्या पाण्याने तो उमटवला ते दिसत नाही. ते फरशीखाली, भिंतीच्या पोटात, फॉल्स सीलिंगच्या वर किंवा वरच्या मजल्यावरच्या मोरीत असते, आणि बहुधा डागापासून बरेच लांब असते. छतात शिरलेले पाणी तुळईच्या कडेने, विजेच्या वायरींच्या नळीतून, स्लॅबमधल्या भेगेतून वाट काढते आणि जिथे अडते तिथे टपकते. त्यामुळे गळती शोधणे हे डोळ्यांपेक्षा अनुमानाचे काम आहे. दिसणाऱ्या कार्यावरून न दिसणारे कारण कोणत्या अटींवर ओळखावे, आणि काही दिसत नसताना ‘काही नाही’ असे म्हणण्याचा अधिकार केव्हा मिळतो, हे दोन प्रश्न भारतीय दर्शनांनी शतकानुशतके घासून पाहिले आहेत. भटारखान्यातल्या ओलीलाही तेच प्रश्न विचारावे लागतात.

गौतमाच्या न्यायसूत्रांत अनुमानाचे तीन प्रकार येतात. त्यांतला ‘शेषवत्’ हा कार्यावरून कारणाकडे जातो, आणि भाष्यकार वात्स्यायनाने त्याला दिलेले उदाहरण पाण्याचेच आहे: नदी फुगलेली पाहून वर पाऊस झाल्याचे कळते. पुढे सूत्रांतच यावर आक्षेप उभा केला आहे. नदी खालच्या बाजूला अडल्यानेही फुगते. मुंग्या अंडी घेऊन निघाल्या की पाऊस येणार म्हणावे, तर वारूळ मोडल्यावरही त्या निघतात. मोराची केका ऐकली म्हणावे, तर माणूसही तो आवाज काढतो. मग अनुमानाला प्रमाण, म्हणजे ज्ञानाचे खात्रीचे साधन, कसे मानायचे? न्यायाचे उत्तर असे की दोष अनुमानाचा नाही, अर्धवट पाहणाऱ्याचा आहे. पावसाच्या पुराला ओढ असते, फेस असतो, त्यातून पाने, फळे, लाकडे वाहत येतात. अडून तुंबलेल्या पाण्यात यातले काही नसते. ज्याने नुसता फुगवटा पाहिला त्याच्या हाती खरा हेतू, म्हणजे अनुमानाला आधार देणारी खूण, लागलेलाच नसतो.

‘भिंत ओली आहे’ हे विधानही तेवढेच अपुरे आहे. जमिनीलगत सुरू होऊन साधारण मीटरभर चढलेली आणि वरच्या कडेला पांढऱ्या खाराची रेघ सोडणारी ओल पायातून विटांनी शोषलेली असते. छतावरचा तपकिरी कडांचा, वर्तुळात वर्तुळ असलेला डाग सांगतो की पाणी अधूनमधून येते आणि मध्ये वाळते. कोपऱ्यात, कपाटामागे किंवा थंड पृष्ठभागावर पसरलेले बुरशीचे काळे ठिपके बहुतेक वेळा गळतीचे नसतातच. ते हवेतल्या बाष्पाचे असतात. हवा ३० अंश सेल्सिअस आणि सापेक्ष आर्द्रता ८० टक्के असेल, तर सुमारे २६ अंशांखालच्या कोणत्याही पृष्ठभागावर दव धरते. मुंबईच्या जुलैत अशी हवा काही विशेष नाही, आणि भटारखान्यात भाताची, डाळीची वाफ वर मिसळते. थंड पाण्याचा उघडा नळ, एसीचा डक्ट, शीतगृहाची बाहेरची भिंत यांना घाम फुटणारच. तिथे भिंत फोडण्यात पैसा जातो आणि ओल तशीच राहते. शंका असेल तर ओल्या जागेवर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटवून एक-दोन दिवस ठेवतात. पाणी तुकड्याच्या बाहेरच्या बाजूला धरले तर ते हवेतले, आतल्या बाजूला धरले तर भिंतीतले.

कारण निश्चित करण्याची जुनी रीत अन्वय-व्यतिरेकाची: एक असताना दुसरे असते का, आणि नसताना नसते का. डाग पावसानंतर वाढतो आणि उघडीप मिळाली की आटतो, तर पाणी छताचे किंवा बाहेरच्या भिंतीचे. भांडी घासण्याच्या वेळीच वाढतो, तर मोरीच्या निचऱ्याचे. रात्रंदिवस, ऋतू कोणताही असो, सारखाच राहतो, तर दाबाखालच्या नळाचे. यासाठी डागाच्या कडेने पेन्सिलने रेघ मारून शेजारी तारीख लिहिणे पुरते. हे करणारी हॉटेले थोडी. रंगवून टाकणारी पुष्कळ, आणि रंगवणे म्हणजे पुरावाच पुसणे.

व्याप्ती, म्हणजे दोन गोष्टींच्या अटळ सोबतीचा नियम, बसली असे वाटत असतानाही ती फसवी असू शकते, हे न्यायाने ‘उपाधी’च्या विचारातून दाखवले. जिथे अग्नी तिथे धूर, हा नियम टिकत नाही, कारण तापलेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असून धूर नसतो. धुराला ओले इंधन लागते. तीच दडलेली अट म्हणजे उपाधी. ‘पाऊस पडला की छत गळते’ हा कित्येक मालकांचा अनुभवसिद्ध नियम असतो आणि त्यावर दर उन्हाळ्यात गच्चीवर डांबर फासले जाते. पण पाऊस पडूनही जेव्हा छत गळले नाही, ते दिवस कोणी मोजत नाही. ते मोजले तर अनेकदा कळते की पाणी गच्चीच्या तोटीत पाचोळा तुंबला तेव्हाच आत आले. मग डांबराची गरज नसते, तोटी साफ करणारा माणूस हवा असतो.

मीमांसक आणि अद्वैती ‘अर्थापत्ती’ नावाचे वेगळे प्रमाण मानतात. देवदत्त धष्टपुष्ट आहे आणि दिवसा जेवत नाही, तर तो रात्री जेवतो असे मानल्यावाचून गत्यंतर नाही. नैयायिक याला अनुमानातच बसवतात. वाद बाजूला ठेवला तरी युक्ती कामाची आहे. हॉटेल बंद झाल्यावर सगळे नळ, बर्फाचे यंत्र, भांडी धुण्याचे यंत्र बंद करून पाण्याच्या मीटरचा आकडा टिपायचा. सकाळी तो पुढे सरकलेला दिसला आणि टाकी भरली गेली नाही, तर पाणी कुठेतरी जात आहे हे मानावेच लागते, कुठलीही भिंत ओली दिसत नसली तरी. जिथे पालिकेचे पाणी ठरावीक वेळीच येते तिथे मीटरऐवजी टाकीतल्या पातळीवर खूण करतात.

सर्वांत अवघड प्रश्न अभावाचा. जमिनीवर घडा नाही हे कसे कळते? कुमारिल भट्टांच्या परंपरेत याला ‘अनुपलब्धी’ हे स्वतंत्र प्रमाण दिले. प्रभाकरांनी ते नाकारले. नैयायिकांनी अभाव इंद्रियांनीच कळतो असे म्हटले. बौद्ध धर्मकीर्तीने त्याला अनुमानात घातले. या भांडणात एका मुद्द्यावर मात्र बहुतेकांचे जुळते. न दिसण्याने नसणे सिद्ध व्हायचे असेल तर ती वस्तू दिसण्याजोगी असली पाहिजे, म्हणजे ‘असती तर दिसली असती’ असे म्हणता आले पाहिजे. उजेडात घडा दिसला नाही तर तो नाही. अंधारात दिसला नाही तर त्यावरून काहीच ठरत नाही. पिशाच दिसत नाही म्हणून ते इथे नाही असे धर्मकीर्ती म्हणू देत नाही, कारण ते मुळातच दिसण्यातले नव्हे.

‘आमच्याकडे गळती नाही’ हे वाक्य या कसोटीवर फार थोड्या हॉटेलांत टिकेल. फॉल्स सीलिंगला उघडता येणारी झडप नाही, सिंकमागचे नळ लाद्यांत गाडलेले, जड फ्रीज आणि शेगड्या भिंतीला चिकटलेल्या, ग्रीस ट्रॅपवर पिंपे रचलेली: अशा जागी गळती असती तरी दिसली नसती. तिथले ‘दिसले नाही’ हे ज्ञान नसून निव्वळ अंधार आहे. या दृष्टीने पाहिले तर पाण्याचे नुकसान टाळण्याचा बराचसा उद्योग अनुपलब्धीला योग्यता मिळवून देण्याचा असतो. नळ भिंतीबाहेरून नेणे, सीलिंगला झडपा ठेवणे, अवजड उपकरणांना चाके लावणे, कपाटे भिंतीपासून हातभर सरकवणे, भांडी घासण्याच्या जागी लाद्यांच्या सांध्यांतले सिमेंट निघाले की लगेच भरणे, फरशीचा उतार निचऱ्याच्या जाळीकडेच आहे ना हे बादलीभर पाणी ओतून पाहणे. नवे वॉटरप्रूफिंग झाले की लाद्या बसवण्याआधी तिथे एक-दोन दिवस पाणी कोंडून खालच्या छताकडे लक्ष ठेवतात. पाणी आहे आणि तरी खाली ओल नाही, म्हणून थर शाबूत, हे अभावाचे खरे ज्ञान झाले. वास आणि स्पर्शही यात येतात. कुबट वास हा डोळ्यांना न मिळालेला हेतू आहे, आणि पिठाची गोणी तळाशी दमट लागणे हा दुसरा. भिजलेला लाकडी भाग किंवा जिप्सम २४ ते ४८ तासांत वाळला नाही तर बुरशी धरू लागतो, त्यामुळे आठवड्यातून एकदा पाहणे पुरेसे नाही.

जे कळलेच नाही त्याचा दोष कोणावर, हा प्रश्न उरतो. जैन विचाराने तो हिंसेच्या संदर्भात सोडवला आहे. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसेच्या व्याख्येतच प्रमाद, म्हणजे बेसावधपणा, घातलेला आहे. पुढे अमृतचंद्रांनी पुरुषार्थसिद्ध्युपायात याची दोन टोके स्पष्ट केली: जपून वागणाऱ्याच्या हातून जीव गेला तरी ती हिंसा ठरत नाही, आणि बेफिकिराच्या हातून कोणी मेले नाही तरी ती ठरते. या मापाने, कळण्याची सोय करून ठेवलेल्या मालकाच्या हॉटेलात एखादे छत कोसळले तर तो अपघात. सोयच न ठेवलेल्या मालकाचे छत वीस वर्षे टिकले तरी तो दोषमुक्त होत नाही. कायद्याचा रोखही याच बाजूला आहे. अन्न सुरक्षा व मानके कायद्याखालच्या २०११च्या परवाना नियमांतील चौथी अनुसूची भिंती, फरशी आणि छत सुस्थितीत ठेवायला सांगते, पोपडे निघालेला रंग-गिलावा चालवून घेत नाही, आणि ‘आम्हाला ठाऊक नव्हते’ अशी सवलत त्यात ठेवलेली नाही.