नसणे हे कारण असते का? रेडिएटरपुढच्या दिव्यांचा दाखला

एखादी वस्तू नसणे हे कार्याचे कारण होऊ शकते का, यावर न्याय आणि मीमांसा या दर्शनांत शतकानुशतके वाद चालला. वादाचे ठरलेले उदाहरण अग्नीचे आहे. अग्नी आणि इंधन एकत्र आले की दाह होतो; पण एक विशिष्ट मणी जवळ ठेवला तर तोच अग्नी तेच इंधन जाळत नाही, आणि मणी उचलला की पुन्हा जाळतो. मीमांसकांचे म्हणणे असे की अग्नीत त्याच्या रूपाहून वेगळी एक दाहक शक्ती असते. मणी ती नष्ट करतो आणि मणी दूर झाला की ती परत उपजते. नैयायिकांना ही शक्ती मान्य नाही. मणी दरवेळी ठेवला-उचलला की शक्ती मरते आणि जन्मते असे मानायचे तर अशा अगणित शक्ती, त्यांची उत्पत्ती आणि त्यांचे नाश मानावे लागतात. त्यापेक्षा मण्याचा अभाव हाच दाहाच्या कारणांपैकी एक मानणे सोपे. यालाच त्यांनी प्रतिबंधकाभाव म्हटले.

तो मणी आज कोणाला दाखवता येणार नाही, पण त्याचे काम करणारी वस्तू रस्त्यावर रोज दिसते. मोटारीच्या जाळीपुढे बसवलेले जादा दिवे अगदी तेच करतात.

इंधन जळून निर्माण होणाऱ्या उष्णतेचा ढोबळ मानाने तिसरा हिस्सा कूलंटवाटे रेडिएटरपर्यंत येतो आणि तेथून हवेत सोडला जातो. पंप कूलंट फिरवतो, थर्मोस्टॅट वाट उघडतो, रेडिएटरच्या नळ्या आणि पातळ पत्र्या उष्णता पसरवतात आणि समोरून येणारी हवा ती घेऊन जाते. एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढेच असतो, टर्बो इंजिनाच्या बऱ्याच गाड्यांत इंटरकूलरही त्याच ओळीत येतो. म्हणजे रेडिएटरला पोचणारी हवा आधीच थोडी तापलेली असते. आता 18 सेंटीमीटर व्यासाचे दोन गोल दिवे जाळीला चिकटवून बसवले आणि त्यामागचा रेडिएटर 60 बाय 40 सेंटीमीटरचा धरला, तर समोरून पाहता त्याचा पाचवा हिस्सा झाकला जातो. हवा तेवढ्याच प्रमाणात घटते असे नाही. दिवा आणि जाळी यांत अंतर असेल तर ती कडेने वळून आत शिरते. दिवा जाळीला टेकला असेल तर मात्र तिला वळायला जागाच नसते. पंप, थर्मोस्टॅट, कूलंट, रेडिएटर यांपैकी काहीही बिघडलेले नसते, आणि तरी मे महिन्यात कसारा घाट चढताना इंजिनाचे तापमान वाढू लागते. सामग्री सगळी हजर, कार्य मात्र होत नाही. नैयायिक म्हणेल, सामग्री सगळी हजर नाहीच. जाळीपुढची मोकळी जागा हीसुद्धा सामग्रीच होती.

दहाव्या-अकराव्या शतकातल्या उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजलीत हा मुद्दा नेमका मांडला आहे. प्रतिबंध म्हणजे सामग्रीतली उणीव, आणि ती उणीव आणणारी वस्तू म्हणजे प्रतिबंधक. जे काहीच नाही ते काय घडवणार, या आक्षेपाला त्यांचे उत्तर असे: घडा फुटला की त्याचा अभाव उत्पन्न होतो, अभाव कार्य होऊ शकतो, तर कारणही होऊ शकतो.

पुढचा आक्षेप अधिक कठीण आहे. अभाव हे कारण मानले, तर जाळीपुढे पिशवी नसणे, फळी नसणे, हत्ती उभा नसणे ही सगळी कारणेच ठरतील आणि यादी संपणार नाही. यावर उपाय असा की अशा अभावांना एकेक करून न मोजता, त्या कार्याला रोखणाऱ्या कशाचाही अभाव, असे एकाच रूपाने त्यांना धरायचे. म्हणूनच काहींनी प्रतिबंधकाभावाला ईश्वर, काल, अदृष्ट (पूर्वकर्मांचे पुण्यपाप) इत्यादींसोबत सर्व कार्यांच्या साधारण कारणांत नववे स्थान दिले.

या चर्चेतला सर्वांत सूक्ष्म भाग उत्तेजकाचा आहे. मणी जवळ असूनही दुसरा एक मणी, म्हणजेच उत्तेजक, आणला की दाह होतोच; मग पहिल्या मण्याचा अभाव हे कारण कसे? नैयायिकांनी व्याख्या सुधारली: उत्तेजक सोबत नसलेला मणी हा खरा प्रतिबंधक, आणि त्याचा अभाव हे कारण. गाडीत उत्तेजकाचे काम पंखा करतो. गाडी वेगात असताना हवा आपोआप आत येते, गती मंदावली की पंखा ती ओढून घेतो आणि दिव्यांनी केलेली तूट काही प्रमाणात भरून काढतो. पण चढावर, भरल्या गाडीत, एसी चालू असताना पंखा आधीच पूर्ण वेगाने फिरत असतो. त्याच्याकडे शिल्लक काही उरत नाही आणि तोवर निरुपद्रवी असलेले दिवे त्या क्षणी प्रतिबंधक होतात. उलट, जुन्या फोक्सवॅगन बीटलमध्ये इंजिन मागे आणि हवेनेच थंड होणारे. तिच्या पुढच्या बंपरवरचे दिवे त्या इंजिनाची हवा अडवत नाहीत. अतिथंड प्रदेशात तर रेडिएटरचा काही भाग मुद्दाम झाकतात, कारण तिथे इंजिन पुरेसे तापणे हेच कार्य असते. प्रतिबंधकपण वस्तूच्या अंगी नसते, ते त्या त्या कार्याच्या संदर्भातच ठरते.

मीमांसकांची बाजू येथे अगदीच फोल नाही. एक गाडी दोन दिवे सहज सोसते, दुसरी तापते. हा फरक रेडिएटरच्या अंगच्या क्षमतेचा आहे असे कोणीही म्हणेल. पण ती क्षमता शोधायला गेले की हाती लागतात नळ्यांच्या रांगा, पत्र्यांची दाटी, क्षेत्रफळ आणि पंख्याचा आकार. या सर्वांपलीकडे शक्ती नावाचे काही उरत नाही. या वादात न्यायमत सरस ठरते.

न्यायमत मानले की दिवे बसवण्याची रीतही त्यातून निघते. दिव्याला बंपरच्या मागच्या भक्कम तुळईसमोर किंवा बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांपुढे जागा द्यावी, कारण तेथून रेडिएटरला हवा जातच नाही. जाळीपुढेच लावायचे असतील तर दिवे लहान घ्यावेत आणि मागे अंतर सोडावे. अनेक नव्या गाड्यांत मुख्य हवा वरच्या जाळीतून न येता बंपरखालच्या तोंडातून येते, तेव्हा ती वाट आधी पाहावी. मग तोच घाट, तेवढाच भार, तसेच हवामान ठेवून एकदा दिव्यांसह आणि एकदा दिवे काढून तापमान पाहावे. अन्वय (कारण असता कार्य होणे) आणि व्यतिरेक (कारण नसता कार्य न होणे) याहून वेगळे नाहीत. त्यासाठी डॅशबोर्डवरच्या काट्यावर विसंबू नये. बऱ्याच गाड्यांत तो तापमान बरेच वाढेपर्यंत मध्यावरच ठेवलेला असतो. खरा आकडा ओबीडी स्कॅनरवर दिसतो.