बांधावरचे झाड आणि दैवाचा पाचवा वाटा

शेजाऱ्याच्या झाडाने केलेले नुकसान कोणाच्या माथी मारायचे, हा प्रश्न वरवर दिवाणी वाटला तरी त्याच्या मुळाशी कर्तृत्वाचा, म्हणजे घडलेल्या गोष्टीचा ‘करणारा’ कोणाला म्हणायचे याचा, जुना तात्त्विक पेच आहे. कारण झाडाला हेतू नसतो आणि फांदी मोडते तेव्हा मालक बहुधा तेथे हजरही नसतो. जुन्नर तालुक्याच्या कमी पावसाच्या पूर्व भागात, कल्याण-नगर रस्त्यावरील बेल्हे परिसरात, या पेचाला अधिक धार येते, कारण बांधावरच्या चिंचेचा किंवा बाभळीचा वसवा, म्हणजे सावली व मुळांची ओढ यांमुळे पीक खुंटलेला पट्टा, शेजाऱ्याच्या कांद्याच्या वाफ्यांत पसरतो, पिंपळाची मुळे विहिरीच्या बांधकामात शिरून दगड सुटे करतात, आणि वळवाच्या वाऱ्यात गोठ्याच्या पत्र्यावर कोसळणारी फांदी ती वेगळीच.

झाड लावणे हे पुण्यकर्म, याविषयी या भूमीत कधी दुमत नव्हते. जुन्नरच्या लेण्यांतील एका ब्राह्मी लेखात आडुथुम नावाच्या शक उपासकाने करंजाच्या झाडांसाठी 20 आणि वडाच्या झाडांसाठी 9 निवर्तने जमीन कोणाचिक येथील श्रेणीकडे ठेवल्याची नोंद आहे. निवर्तन हे जमिनीचे जुने माप, आणि श्रेणी म्हणजे व्यावसायिकांचा संघ. दात्याने झाडांची इच्छा नुसती व्यक्त केली नाही, तर ती सांभाळणारा कोणीतरी नेमून दिला, हे येथे विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. पुण्याच्या खात्यावर लावणाऱ्याचे नाव दगडात कोरले जात असेल, तर नुकसानीच्या खात्यावरून ते पुसून तेथे ‘देवाची करणी’ असे लिहिण्याची सोय त्याला देता येत नाही.

बेल्ह्याजवळ आळे येथे ज्या रेड्याची समाधी दाखवली जाते त्याच्या मुखी परंपरेनुसार ज्यांनी वेद घातले ते ज्ञानेश्वर ज्ञानेश्वरीच्या बाराव्या अध्यायात सांगतात की, घाव घालणारा आणि लावणारा या दोघांवरही वृक्ष सारखीच सावली धरतो. पण हा दृष्टांत भक्ताच्या समत्वाचा आहे, आणि बांधावरच्या तंट्यात मालकाने त्याचा आडोसा घेणे म्हणजे आपल्या वाट्याचे सोसणे शेजाऱ्यावर लादणे होय.

गीतेच्या अठराव्या अध्यायात प्रत्येक कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान म्हणजे आधारस्थान, कर्ता, करण म्हणजे साधने, विविध चेष्टा म्हणजे हालचाली, आणि पाचवे दैव. टीकाकारांनी यांचा अर्थ मुख्यतः देह व इंद्रिये यांच्या अंगाने लावला असला, तरी मोडलेल्या फांदीला ही गणना लावून पाहिली की वारा हे दैव ठरते, आणि ते पाचांपैकी एकच असते. झाड कोठे लावले, ते पोखरल्याचे दिसूनही छाटले की नाही, कुऱ्हाड हाताशी असून ती उचलली की नाही, हे सारे उरलेल्या चारांत मोडते. निरोगी झाड अकल्पित वादळात उन्मळले तर मालकाकडे दोष जवळजवळ उरत नाही. शेजाऱ्याने सांगूनही वाळकी फांदी तशीच ठेवली असेल, तर मात्र दैवाचे नाव घेणे ही पळवाट आहे.

शेजाऱ्याच्या हक्कालाही मर्यादा आहेत. दोन शेतांच्या सीमेवर उगवलेल्या झाडाची फळे-फुले कात्यायनस्मृती दोन्ही धन्यांची मानते, तेव्हा चिंचा वेचणाऱ्याने वसव्याची तक्रार बेताने करावी, हे ओघानेच आले. इंग्लंडच्या उमराव सभेने 1894 साली शेजाऱ्याला आपल्या हद्दीत लोंबणाऱ्या फांद्या पूर्वसूचनेशिवाय छाटण्याची मुभा दिली. महाराष्ट्रात मात्र 1964 च्या वृक्षतोड नियमन कायद्यामुळे आंबा, चिंच, जांभूळ अशी अनुसूचित झाडे परवानगीशिवाय तोडता येत नाहीत, मग ती स्वतःच्या शेतातली का असेनात. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी लागणारे लाकूडसुद्धा धन्याला राजी करून, मोल देऊनच घ्यावे, असा दंडक आहे, कारण रयतेने ही झाडे लेकरांप्रमाणे वाढवलेली असतात. राज्याला जे वर्ज्य, ते शेजाऱ्याने रात्रीतून करणे अधर्मच. पण लेकरू म्हणून झाडावर हक्क सांगणाऱ्या धन्याने त्या लेकराने मोडलेल्या पत्र्याचे पैसेही भरले पाहिजेत.