आजारी मुलाची लस कोण ठरवणार?

1974 साली लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट या लहान मुलांच्या रुग्णालयातल्या डॉक्टरांनी एक शोधनिबंध छापला. ट्रिपलची लस टोचल्यानंतर फिट्स सुरू झालेल्या, मेंदूला इजा झालेल्या 36 मुलांची ती हकिगत होती. संशय होता लसीतल्या डांग्या खोकल्याच्या भागावर. वर्तमानपत्रं आणि टीव्हीने विषय उचलून धरला. ब्रिटनमध्ये ही लस घेणाऱ्या बाळांचं प्रमाण ऐंशी टक्क्यांच्या आसपास होतं, ते काही वर्षांतच तिशीच्या घरात आलं. मग 1977 ते 1979 या काळात साथ आली आणि लाखावर लोकांना डांग्या खोकला झाला. जपानमध्येही हेच घडलं. तिथे लसीनंतर दोन बाळं दगावली म्हणून 1975 मध्ये लस थांबवली गेली आणि 1979 च्या एकाच वर्षात डांग्या खोकल्याने 41 जीव घेतले.

ही गोष्ट लसीच्या बाजूने बोलणारे नेहमी इथेच संपवतात. पण त्या फिट्स येणाऱ्या मुलांचं पुढे काय झालं?

त्यांच्या आईबापांनी संघटना बांधली, भरपाईचा कायदा करून घेतला, कोर्टात वर्षानुवर्षं लढा दिला. लसीमुळे मेंदूला कायमची इजा होते हे सिद्ध होत नाही, असा निकाल 1988 मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने दिला. निकाल बरोबर होता, पण ‘मग आमच्या मुलाला झालं काय?’ या प्रश्नाला त्यात उत्तर नव्हतं. ते यायला 2006 साल उजाडावं लागलं. ऑस्ट्रेलियात सॅम्युअल बर्कोविक या मेंदूविकारतज्ज्ञाने, लसीमुळे मेंदू बिघडला असं ज्यांच्याबद्दल सांगितलं जात होतं अशा 14 जणांची जनुकं तपासली. त्यांतल्या 11 जणांच्या एकाच जनुकात दोष सापडला. ड्रावे सिंड्रोम नावाच्या आजारात जो आढळतो, तोच दोष. या आजारात वर्षाच्या आतल्या, तोवर अगदी धडधाकट दिसणाऱ्या बाळाला बहुधा तापाबरोबर पहिली फिट येते. ताप लसीचा असो, सर्दीचा असो. पुढे आणखी अभ्यास झाला तेव्हा असं दिसलं की, पहिली फिट लसीच्या मागोमाग आलेली मुलं आणि एरवी आलेली मुलं यांच्या पुढच्या वाटचालीत फरक नव्हता.

म्हणजे त्या आया खोटं बोलत नव्हत्या. सकाळी हसतंखेळतं बाळ, दुपारी सुई, संध्याकाळी अंग तापलेलं आणि रात्री हातपाय ताठ. त्यांनी पाहिलं ते खरंच घडलं होतं. फक्त कारण वेगळं होतं, आणि ते शोधून द्यायला वैद्यकशास्त्राला तीस वर्षं लागली. तोवर त्यांना काय मिळालं? ‘योगायोग असेल’ एवढंच. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीला कोणी योगायोग म्हणालं की माणूस त्याचं पुढचं काहीच ऐकत नाही, मग ते कितीही खरं असो.

हे सगळं परदेशातलं, जुनं म्हणून सोडून देता येत नाही. आपल्या सरकारी केंद्रांत सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना मिळणाऱ्या पेंटाव्हॅलंट लसीत डांग्या खोकल्याचा भाग त्याच जुन्या पद्धतीचा, अख्ख्या मृत जंतूंचा आहे. ती परिणामकारक आहे आणि तिने ताप येतो. ज्या घरात फिट येणारं मूल आहे त्या घराला तापाची धास्ती म्हणजे काय, हे सांगावं लागत नाही.

अशा घरातली आई बाळाला घेऊन लसीकरणाच्या दिवशी उपकेंद्रावर जाते. शीतपेटी उघडलेली असते, आशाताईंनी यादी धरलेली असते. नर्सबाई विचारतात, बाळाला काही त्रास? आई सांगते, झटके येतात, औषध चालू आहे. सुई थांबते. “आधी मोठ्या डॉक्टरांना विचारून या.” शहरातले मेंदूचे डॉक्टर म्हणतात, लसीचं तुमच्या बालरोगतज्ज्ञांना विचारा. बालरोगतज्ज्ञ म्हणतात, जरा स्थिरावू दे, पुढच्या खेपेला बघू. कार्डावरचा रकाना कोराच राहतो. घरी सासूबाई म्हणतात, “आधीच एवढ्या सुया, त्यात आणखी कशाला?” आणि कधीतरी, कुठल्यातरी रजिस्टरात, याची नोंद ‘पालकांचा नकार’ अशी होते. नकार कोणीच दिलेला नसतो. होकार द्यायलाही कोणी पुढे आलेलं नसतं.

मला वाटतं, गंभीर आजार असलेल्या मुलांच्या लसी चुकतात त्या बहुतेक अशाच. अफवा असतात, व्हॉट्सअ‍ॅपवरचे व्हिडिओही असतात. पण त्यांना जागा मिळते ती जाणत्या माणसांनी सोडलेल्या रिकाम्या जागेत. त्यात ‘बरं वाटलं की देऊ’ हे वाक्य फार घातक आहे. साध्या मुलाची सर्दी चार दिवसांत जाते. हृदयाला जन्मतः छिद्र असलेल्या, दर महिन्याला रक्त चढवावं लागणाऱ्या किंवा मूत्रपिंडाच्या विकाराने पुन्हा पुन्हा सुजणाऱ्या मुलाच्या आयुष्यात ‘बरं वाटण्याचा’ तो दिवस कॅलेंडरवर येतच नाही.

शिवाय या आईबापांना औषधाची दुसरी बाजू ठाऊक असते. औषधाने अंगावर पुरळ उठलेलं, ‘काही होणार नाही’ म्हणून केलेल्या तपासणीनंतर मूल अतिदक्षता विभागात गेलेलं त्यांनी पाहिलेलं असतं. दुधाने तोंड पोळल्यावर ताक फुंकून पिणाऱ्याला अडाणी म्हणू नये. संमतीच्या कागदावर सही करताना त्यांचा हात थरथरतो, कारण आजाराने काही झालं तर ते नशीब, आणि आपण सही केलेल्या सुईने काही झालं तर तो आपला दोष, असा हिशेब जन्मभर त्यांच्याच माथी बसणार असतो. अशा बापाला ‘शिकलेले दिसता आणि असं कसं बोलता?’ असं ओपीडीत सगळ्यांसमोर सुनावणं हा क्रूरपणा आहे.

त्यांची भीती प्रत्येक वेळी निराधार असते असंही नाही. ज्याची प्रतिकारशक्ती जन्मापासूनच नाही अशा बाळाला बीसीजीची जिवंत जंतूंची लस जिवावर बेतू शकते, आणि आपल्याकडे ती जन्मल्याबरोबर, निदान व्हायच्या आधी देतात. म्हणून आधीचं भावंड तान्हेपणी वारंवारच्या जंतुसंसर्गाने गेलं असेल, तर ते बीसीजीच्या आधी डॉक्टरांना सांगितलंच पाहिजे. रक्ताच्या कर्करोगावर केमोथेरपी चालू असताना गोवर-रुबेला किंवा कांजिण्यांची जिवंत लस देत नाहीत. स्टेरॉइडचा मोठा डोस चालू असेल तरी थांबतात. फिट्सचं निदानच झालेलं नसेल, मूल दिवसेंदिवस खालावत असेल, तर डांग्या खोकल्याची लस लांबवतात. पण फिट्स औषधाने आटोक्यात असतील तर थांबायचं कारण नाही. हृदयविकार, थॅलेसेमिया, डाउन सिंड्रोम ही लस टाळायची कारणं नव्हेत, घाईने द्यायची आहेत. हिमोफिलिया असलेल्या मुलालाही बारीक सुईने, नंतर जागा दाबून धरून लस देता येते.

विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेलची मुलं आहेत. या आजारात पहिल्या काही वर्षांतच प्लीहा निकामी होत जाते, आणि न्यूमोकोकस नावाच्या जंतूला अडवणारं मोठं ठाणंच उठतं. सकाळी ताप आलेलं मूल दुसऱ्या दिवसापर्यंत हाती न लागण्याची भीती असते ती यामुळे. न्यूमोकोकसची लस 2021 पासून देशभर सरकारी वेळापत्रकात मोफत मिळू लागली. सिकलसेलच्या मुलाला मात्र दोन वर्षांनंतर आणखी जादा लसी लागतात, आणि त्या नेहमीच्या वेळापत्रकात नाहीत. त्या मुलाच्या आईला ‘लसीबद्दल जागरूक व्हा’ असं पोस्टरवरून सांगण्याआधी, त्या लसी तिच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या फ्रिजमध्ये ठेवायला हव्यात.

माझी मागणी साधी आहे. ज्या डॉक्टरांच्या हातात मुलाचा मुख्य आजार आहे, त्यांनीच लसीचं ठरवावं आणि फाइलच्या पहिल्या पानावर लिहून द्यावं: कोणती लस आता, कोणती नंतर, कोणती कधीच नाही, ताप आला तर काय करायचं, रात्री फोन कोणाला करायचा. खाली सही करावी. ते पान पाहिलं की नर्सबाईंची सुई थांबणार नाही, आणि आईच्या एकटीच्या माथी असलेलं ओझं दोघांत वाटलं जाईल. लसीनंतर खरंच काही झालं, तर त्याची चौकशी व्हावी आणि निष्कर्ष त्या घराला समजेल अशा भाषेत घरी पोचावा.

उरलेलं काम आपलं, ज्यांची मुलं धडधाकट आहेत त्यांचं. मुंबईत परळच्या टाटा रुग्णालयात कर्करोगावर उपचार घेणाऱ्या मुलाला गोवराची लस देता येत नाही. त्याला गोवर झाला तर कधी कधी अंगावर पुरळही उठत नाही, थेट फुप्फुसं धरली जातात. गोवराचा विषाणू खोलीच्या हवेत दोन तासांपर्यंत टिकतो, आणि साथ रोखायची तर शंभरातल्या पंचाण्णव मुलांना दोन्ही डोस मिळालेले असावे लागतात. 2022 च्या अखेरीस गोवंडीत गोवराने मुलं दगावली, ते ठिकाण परळपासून लोकलने तासाभराच्या आत आहे. आई मुंबईत आजारी लेकराजवळ आणि गावी आजीकडे ठेवलेल्या धाकट्याचे डोस राहून गेलेले, अशी घरंही आहेत. मोठा बरा होऊन परतेल तो त्याच घरात. तेव्हा अशी घरं ओळखून धाकट्याला लस देणं हे आशाताईंच्या यादीतलं पहिलं काम असायला हवं.

आणि वाचकहो, घरातल्या लहानग्याचं लसीकरणाचं कार्ड काढून पाहा. गोवर-रुबेलाचा दुसरा डोस सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान असतो. चुकला असेल तर पाच वर्षांपर्यंत सरकारी केंद्रात तो मोफत मिळतो.