थांबायला शिकवता येतं का?

एका प्रश्नापाशी आज जरा बसू या. उत्तराची घाई नको. आयुष्य मैदानावर घालवलेला फुटबॉलचा प्रशिक्षक एखाद्या चाचपडणाऱ्या, हरत चाललेल्या तरुण क्वार्टरबॅकला घडवू शकतो का? फुटबॉल म्हणजे इथे अमेरिकन फुटबॉल, लांबट चेंडूचा. नियम माहीत नसले तरी अडणार नाही. आपल्याला त्या खेळातले तीनच सेकंद लागणार आहेत.

ते आधी सावकाश पाहून घेऊ. समजा, क्वार्टरबॅक तुम्हीच आहात. समोर तुमचे पाच धिप्पाड सहकारी वाकून उभे आहेत. त्यातला मधला दोन पायांमधून चेंडू मागे तुमच्या हातात देतो. त्याच क्षणी पलीकडचे चार-पाच जण तुम्हाला लोळवायला निघतात. तुमचे पाच जण त्यांना रेटून धरतात आणि तुमच्याभोवती खोलीएवढी जागा राखतात. तिला पॉकेट म्हणतात. ती तीनेक सेकंद टिकते, कधी तेवढीही नाही. तेवढ्या वेळात मागे पावलं टाकायची, लांब धावणाऱ्यांपैकी कोण मोकळा होतोय ते हेरायचं आणि तो क्षणभरानंतर जिथे पोचेल तिथे चेंडू फेकायचा.

हे करताना अंगावर येणाऱ्यांकडे बघायचं नाही. नजर लांबच राहिली पाहिजे. इथे थोडं रेंगाळा. पाठीमागून कुणीतरी येतंय हे कानाला कळतं, कातडीला कळतं, आणि तरीही मान वळवायची नाही. शरीर जन्मापासून जे शिकलंय त्याच्या हे सरळ विरुद्ध आहे. जे क्वार्टरबॅक हरत जातात त्यांच्या दंडात बहुधा काही बिघडलेलं नसतं. त्यांची नजर खाली उतरलेली असते. वीस यार्डांवरचा आपला माणूस दिसण्याऐवजी त्यांना दोन यार्डांवरचा शत्रू दिसू लागतो. एकदा तो दिसला की पुढच्या वेळी तो नसला तरी दिसतो.

१९८६ साली अमेरिकेतल्या मुख्य लीगमधल्या टॅम्पा बे बकनीअर्सकडून स्टीव्ह यंग नावाचा डावखुरा तरुण या जागेत उभा राहत होता. वय २५. ब्रिगहॅम यंग विद्यापीठात गाजलेला. यूएसएफएल या नव्या स्पर्धेतल्या लॉस एंजेलिस एक्सप्रेसनं १९८४ मध्ये त्याच्याशी सुमारे चार कोटी डॉलरचा करार केला होता. ती स्पर्धाच पुढे बुडाली. टॅम्पाचा संघ १९८५ आणि १९८६ या दोन्ही हंगामांत १६ पैकी २ सामने जिंकला. यंगनं सुरुवात केलेल्या १९ सामन्यांपैकी १६ गेले. त्याच्या ११ पासांवर टचडाउन झालं, म्हणजे चेंडू शेवटच्या रेषेपार गेला, आणि २१ पास विरोधकांच्या हाती पडले. संघानं त्याच्या जागी व्हिनी टेस्टावर्डी या नव्या क्वार्टरबॅकला आणायचं ठरवलं आणि एप्रिल १९८७ मध्ये यंगला नव्या खेळाडूंच्या निवडीतले दोन क्रमांक आणि काही रक्कम यांच्या बदल्यात सॅन फ्रान्सिस्कोला देऊन टाकलं.

घेणारे होते तिथले मुख्य प्रशिक्षक बिल वॉल्श. तेव्हा ५५ वर्षांचे, दोन सुपर बोल, म्हणजे लीगचे अंतिम सामने, जिंकलेले.

यंगकडे वळण्याआधी वॉल्श यांच्या हाताशी काय शिदोरी होती ते पाहू, कारण माझ्या मते उत्तराचा मोठा भाग तिथेच आहे. १९६९ मध्ये ते सिनसिनाटी बेंगल्समध्ये पॉल ब्राऊन यांचे सहायक होते. ग्रेग कुक नावाचा नवखा क्वार्टरबॅक त्या वर्षी संघात आला. लांब, सणसणीत फेकणारा. पहिल्याच हंगामात त्याचा खांदा दुखावला आणि ती कारकीर्द जवळपास तिथेच संपली. त्याच्या जागी आला व्हर्जिल कार्टर, ज्याच्या दंडात लांब फेकीचा जोर नव्हता. पण फेक नेमकी होती, आणि डोकं तर फारच चांगलं होतं. (या कार्टरनं १९७१ मध्ये एका प्राध्यापकाबरोबर फुटबॉलच्या गणितावर शोधनिबंध लिहिला. खेळता खेळता. मला हा माणूस या सगळ्या गोष्टीत सर्वांत लोभस वाटतो.)

आता वॉल्श यांच्या जागी बसून पाहा. हाती आलेला रत्नासारखा मुलगा गेला आहे. जो आहे त्याला लांब फेकता येत नाही. कार्टरला कुकसारखा करायचा घाट घालता आला असता. वॉल्श यांनी कार्टर तसाच ठेवला आणि खेळ बदलला. मैदान शंभर यार्ड लांब आहे, पण त्रेपन्न यार्ड रुंदही आहे. मग चेंडू आडवा पसरू द्या. छोटे, झटपट, ठरल्या वेळी सुटणारे पास, आणि उरलेलं अंतर झेलणाऱ्यानं पळून काढायचं. १९७१ मध्ये यशस्वी पासांच्या टक्केवारीत कार्टर लीगमध्ये पहिला आला. पुढे जिला वेस्ट कोस्ट पद्धत म्हणू लागले तिचा जन्म हा असा, एका माणसाच्या उणिवेपोटी झाला.

तेव्हा प्रशिक्षकाच्या वयाचा, अनुभवाचा उपयोग काय, असं विचाराल तर एक उत्तर असं: त्यानं एकदा तरी कमी असलेल्या माणसाबरोबर काम केलेलं असतं. ज्यानं फक्त कुक पाहिले त्याला कार्टरचं काय करायचं हे सुचणार नाही.

यंगची अडचण मात्र उलटी होती. त्याच्याजवळ जास्तच होतं. तो पळायचा. पहिला झेलणारा मोकळा दिसला नाही की चेंडू काखेत घेऊन सुटायचा, आणि एवढा चपळ होता की बरेचदा निभावून न्यायचा. टॅम्पात पाच जणांची भिंत ढासळत असे, म्हणून पळणं हाच शहाणपणा होता. जी सवय एका ठिकाणी जीव वाचवते तीच दुसरीकडे आड येते. मुलाला मात्र दोन्हीकडे ती एकसारखीच वाटते. त्याला चूक कशी म्हणायची?

वॉल्श क्वार्टरबॅकचे पाय शिकवत. हे ऐकायला विचित्र वाटेल, फेकतो तर हात. पण त्यांच्या पद्धतीत प्रत्येक पासाची पावलं ठरलेली: इथे तीन मागे, तिथे पाच. पाचवं पाऊल टेकलं की पहिल्या माणसाकडे चेंडू सुटला पाहिजे. तो मोकळा नसेल तर एक छोटी उडी आणि दुसरा. आणखी एक, आणि तिसरा. तबल्याचा ठेका अंगात मुरला की गाणाऱ्याला मात्रा मोजाव्या लागत नाहीत, तसं काहीसं. किती वेळ झाला हे पाय सांगतात, त्यामुळे डोळे मोकळे राहतात. भीती बाळगू नकोस, असं बजावून भीती जात नाही. त्या तीन सेकंदांत करायला काहीतरी नेमकं दिलं, तर तिला जागा कमी उरते.

त्यांची आणखी एक रीत होती. सामन्यातल्या पहिल्या पंचवीसेक चाली ते आधीच लिहून काढत आणि आदल्या रात्री खेळाडूंना सांगून टाकत. गोंगाटात, घामाघूम असताना घ्यायचे निर्णय शांत खोलीत घेऊन ठेवायचे. खेळाडूच्या डोक्यावरून किती ओझं उतरवता येतं, याचा विचार करणारा हा माणूस होता. जाणते प्रशिक्षक शिष्याच्या झोळीत भर घालतात, अशी आपली समजूत असते. इथे तर उचलून बाजूला ठेवणंच अधिक दिसतं.

आता मनाला थोडा पेच घालू. ३० ऑक्टोबर १९८८, मिनेसोटा व्हायकिंग्जविरुद्धचा सामना. दोन मिनिटांहून कमी वेळ उरलेला, सॅन फ्रान्सिस्को चार गुणांनी मागे. यंग पास फेकायला मागे येतो, पॉकेट कोसळतं आणि तो पळतो. एकाला चुकवतो, दुसऱ्याच्या हातातून निसटतो, पुन्हा आत वळतो, ४९ यार्ड धावतो आणि शेवटी तोल जाऊन अडखळत, जवळजवळ कोसळत रेषेपार जातो. संघ सामना २४-२१ नं जिंकतो. आजही ती धाव त्या खेळातल्या गाजलेल्या क्षणांत मोजतात.

म्हणजे ज्या सवयीवर वॉल्श दीड वर्ष काम करत होते तिनंच त्यांना जिंकून दिलं. मैदानाच्या कडेला उभं राहून तुम्ही काय केलं असतं? मला वाटतं, घडवण्याची खरी कसोटी इथे आहे. पळणं पुसून टाकलं असतं तर थांबायला शिकलेला एक सामान्य क्वार्टरबॅक मिळाला असता. पळता येत असूनही थांबणारा माणूस वेगळा. कारण कधी थांबायचं नाही, हेही त्याला ठाऊक असतं. ही निवड प्रशिक्षक फक्त समोर ठेवू शकतो. ती करायची त्या मुलानं, आणि तीही सेकंदाच्या तुकड्यात.

मग बाकड्यावरची वर्षं. १९८७ ते १९९० यंग मुख्यतः संघाचा पहिला क्वार्टरबॅक जो मॉन्टाना याच्या मागे उभा राहिला. १९८६ मध्ये मॉन्टानाच्या पाठीवर शस्त्रक्रिया झाली होती, तो फार काळ खेळेल की नाही याची शंका होती, म्हणूनच यंगला आणलं. मॉन्टाना खेळला, आणखी दोन सुपर बोल जिंकला. जानेवारी १९८८ मध्ये मिनेसोटाविरुद्धच्याच बाद सामन्यात वॉल्श यांनी तिसऱ्या टप्प्यात मॉन्टानाला बाहेर बसवून यंगला उतरवलं. संघ सामना हरलाच, आणि दोन्ही क्वार्टरबॅकमध्ये जे अवघडलेपण आलं ते वर्षानुवर्षं राहिलं. एकाला घडवताना दुसऱ्याच्या मनाला चरे पडले. या कथा सांगणारे सहसा तेवढं गाळतात. मी गाळणार नाही, कारण मॉन्टाना रोज सरावात समोर नसता तर यंगला ती पद्धत जिवंत माणसात पाहायला मिळाली नसती. चार वर्षं दुसऱ्याचं काम बघत बसणं हाच कदाचित त्याच्या शिक्षणाचा सर्वांत मोठा धडा होता. आणि तो मॉन्टानानं न मागता, बहुधा नाखुशीनंच दिला.

आणि वॉल्श? १९८८ च्या हंगामानंतर, तिसरा सुपर बोल जिंकून, ते निघून गेले. यंग खऱ्या अर्थानं पहिला क्वार्टरबॅक झाला १९९१ मध्ये, मॉन्टानाचं कोपर दुखावल्यावर. तोवर सहायक प्रशिक्षक माइक होल्मग्रेननं त्याच्याकडून तेच धडे वर्षानुवर्षं गिरवून घेतले होते. नंतर माइक शानाहान आला. मुख्य प्रशिक्षक होता जॉर्ज सायफर्ट. १९९१ पासून सलग चार वर्षं यंग पासिंगच्या मानांकनात लीगमध्ये पहिला राहिला. २९ जानेवारी १९९५ च्या सुपर बोलमध्ये त्यानं सहा टचडाउन पास फेकले, वयाच्या ३३ व्या वर्षी. वॉल्श यांना तो संघ सोडून सहा वर्षं झाली होती.

श्रेय कुणाचं, हा हिशेब मांडायचा मोह होतो. तो मांडून फार हाती लागत नाही. त्यापेक्षा वॉल्श यांना काय साधलं नाही ते पाहणं मला उपयोगाचं वाटतं. यंगनं पुढे स्वतःच मोकळेपणी सांगितलंय की लहानपणापासून त्याला तीव्र चिंतेचा त्रास होता, घरापासून दूर राहणं जड जायचं, सामन्याच्या आदल्या रात्री झोप लागायची नाही. म्हणजे वॉल्श यांची ती पंचवीस चालींची यादी ज्या डोक्याला विसावा द्यायला होती, ते डोकं रात्रभर जागंच असे. पाय कसे पडतात हे टिपणारी वॉल्श यांची नजर तिथवर पोचली नाही. पोचायला हवी होती असंही मी म्हणणार नाही. प्रत्येक शिक्षकाच्या नजरेला एक कुंपण असतं. वॉल्श यांचं पारखणंही अचूक नव्हतं: १९९३ मध्ये रिक मायरर या तरुण क्वार्टरबॅकमध्ये त्यांना दुसरा मॉन्टाना दिसला होता. सिएटलनं त्याला नव्या खेळाडूंच्या निवडीत दुसऱ्या क्रमांकावर घेतलं, आणि तो कधी तसा झाला नाही.

तर, घडवू शकतो का? मी हो म्हणेन, पण प्रशिक्षकाबरोबर काळही मिळाला तरच. याची उलट बाजू त्याच शहरात पाहायला मिळते. २००५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोनं ॲलेक्स स्मिथ या क्वार्टरबॅकला पहिल्या क्रमांकावर निवडलं. पहिल्या वर्षी एक टचडाउन पास, ११ इंटरसेप्शन, म्हणजे विरोधकांच्या हाती पडलेले पास. मग जवळपास दरवर्षी आक्रमणाचा नवा प्रशिक्षक, नवी पद्धत, नवी परिभाषा. पाय एका लयीत मुरायच्या आत लय बदललेली. सगळे म्हणत, पोरगा वाया गेला. २०११ मध्ये जिम हारबॉ मुख्य प्रशिक्षक म्हणून आला, त्यानं स्मिथकडून मोजकंच मागितलं, आणि संघानं १३ सामने जिंकले, ३ हरले. स्मिथचे इंटरसेप्शन अख्ख्या हंगामात पाच.

पुढच्या वर्षी डोक्याला मार लागून तो बाहेर बसला, जागा कॉलिन कॅपरनिकला मिळाली आणि परत मिळाली नाही. घडलेला माणूसही निवडलेला राहीलच असं नाही, हे स्मिथकडून शिकावं. तो कॅन्सस सिटीला गेला, प्रशिक्षक अँडी रीडकडे. रीड होल्मग्रेनच्या हाताखाली तयार झालेला, होल्मग्रेन वॉल्श यांच्या. तिथे २०१७ मध्ये स्मिथ पासिंगच्या मानांकनात लीगमध्ये पहिला आला. त्याच वर्षी त्याच्यामागे पॅट्रिक माहोम्स नावाचा नवखा मुलगा बसवलेला होता. हा आपली जागा घेणार हे माहीत असूनही स्मिथ आठवडाभर कशी तयारी करायची ते त्याला जवळून पाहू देत होता, आणि माहोम्सनं ते जाहीरपणे कबूल केलंय. हंगाम संपल्यावर स्मिथला वॉशिंग्टनला पाठवलं गेलं.